जांभळं झाकण, हिरवं झाकण

सहा वर्षांचं मूल, 20 किलो, न्यूमोनियातून सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडणं. अमेरिकेतल्या आमच्या पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात, त्याचा चौथा दिवस. ताप उतरला होता, रक्तातला सूज दाखवणारा सीआरपीही खाली येत होता, पण व्हेंटिलेटर सुटत नव्हता आणि लघवी जेमतेम. ताप नाही म्हणून राउंडला सगळे खूश. मला त्याचीच शंका होती: मोनोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, थकल्या की तापही येत नाही, आणि दुसरा जंतू सहज शिरतो.

संशोधनाच्या प्रोटोकॉलनुसार, पालकांची संमती घेऊन, टीएनएफ चाचणी लावली: रक्ताला एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातला विषारी अंश, दाखवायचा आणि पेशी टीएनएफ हे इशारा देणारं प्रथिन किती सोडतात ते मोजायचं. पहिला आकडा आला 20 पिकोग्रॅम प्रति मिली. इतका कमी? ट्यूब पाहिली तर जांभळ्या झाकणाची. तिच्यातलं रक्त गोठू न देणारं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, मग पेशी एंडोटॉक्सिनला धड प्रतिसादच देत नाहीत. हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं.

50 मायक्रोलिटर रक्त 500 मायक्रोलिटर एंडोटॉक्सिनच्या द्रावणात, 37 अंशांवर चार तास. द्रावण आधी व्हॉर्टेक्सवर, म्हणजे ट्यूब घुसळणाऱ्या यंत्रावर, नीट घुसळायचं. एंडोटॉक्सिन प्लास्टिकला चिकटतं आणि आकडा उगाच पडतो. मग सेंट्रिफ्यूज, वरच्या निवळीत टीएनएफ मोजायचं. या वेळी 130. आमची सीमा 200, त्याखाली म्हणजे पेशी थकलेल्या. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड चालू असतं तरी आकडा पडतो. इथे ते नव्हतं.

उपाय जीएम-सीएसएफ, म्हणजे पांढऱ्या पेशींना चालना देणारं प्रथिन; औषधाचं नाव सारग्रामोस्टिम. 2011 साली छापून आलेल्या अमेरिकी चाचणीत ते दिलेल्या मुलांचा टीएनएफ प्रतिसाद लवकर परतला होता. पण ती चाचणी अवघ्या 14 मुलांची, त्यामुळे हा रोजचा उपचार नव्हे. डोस 125 मायक्रोग्रॅम प्रति चौरस मीटर, रोज, सात दिवस. या मुलाच्या शरीराचं क्षेत्रफळ 0.8 चौरस मीटर, म्हणजे डोस 100 मायक्रोग्रॅम. 250 मायक्रोग्रॅमच्या वायलमध्ये 1 मिली पाणी कडेने सोडायचं, हलकेच फिरवायचं, हलवून फेस आणायचा नाही. त्यातलं 0.4 मिली घ्यायचं.

फार्मसीने ते 50 मिली सलाईनमध्ये घालायला काढलं होतं. 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलीपेक्षा पातळ झालं की औषध पिशवीला चिकटतं. म्हणून ते चिकटू न देणारं प्रथिन, 5 टक्के अल्ब्युमिन, सलाईनमध्ये आधी 1 मिली, मगच औषध. लाइनमध्ये फिल्टर नको. पांढऱ्या पेशी रोज मोजायच्या. मायक्रोलिटरमागे 50,000 च्या वर गेल्या तर औषध थांबवायचं.

चौथ्या डोसच्या सकाळी टीएनएफ 410. रक्त अर्थात हिरव्या झाकणातलं.