भैरवीनंतरची गाणी

"काका, मूळ अल्बम घेऊ, डिलक्स एडिशन घेऊ, की सरळ ग्रेटेस्ट हिट्स घेऊन मोकळा होऊ?" नवा रेकॉर्ड प्लेअर घेतलेली आणि जुन्या रॉकच्या नादी लागलेली तरुण मंडळी भेटली की हा प्रश्न ठरलेला असतो. ठाण्यात, नौपाड्यात रविवारी सकाळी आमचे जे लहानसे मित्रमंडळ जमते, त्यातही याच प्रश्नावर चहा गार होईपर्यंत वाद चालतो, आणि नेरुळहून ट्रान्स हार्बरने येणारा आमचा एक मित्र तर केवळ वादासाठीच येतो असा बाकीच्यांचा वहीम आहे. तुम्ही विचारलेत म्हणून माझे मत लिहून ठेवतो. मूळ अल्बम जिथे संपतो तिथे त्याला संपू देणारी आवृत्ती घ्यावी. नवे जे काही जोडले असेल ते शेजारी, वेगळ्या तबकडीवर असावे, आणि जुन्याच्या जागी तर ते कधीच नसावे.

मैफलीत भैरवी झाली की श्रोते उठतात. त्यानंतर कोणी गवयाला यमनचा एक तुकडा म्हणून दाखवा अशी फर्माईश करीत नाही. बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'च्या शेवटी अनेक पियानोंवर एकाच वेळी दाबलेला स्वरमेळ येतो आणि तो कितीतरी वेळ विरत राहतो. मूळ इंग्लिश रेकॉर्डवर त्यानंतर आतल्या खाचेत थोडा निरर्थक कल्ला आहे खरा, पण तो त्यांनी स्वतःच गमतीने ठेवलेला आहे. २०१७ साली पन्नास वर्षांनिमित्त निघालेल्या दोन सीडींच्या आवृत्तीत अर्धवट टेक, म्हणजे गाणे मुद्रित करण्याचे निरनिराळे प्रयत्न, आणि तालमी दुसऱ्या सीडीवर आहेत, त्यामुळे ती सीडी लावायची की नाही हे ऐकणाऱ्याच्या हाती राहते. मोबाइलवर मात्र डिलक्स आवृत्ती लागली की तो स्वर विरतो न विरतो तोच त्याच गाण्यांचे कच्चे टेक सुरू होतात. मला त्या टेकविषयी आकस नाही. बीटल्सच्याच 'व्हाइट अल्बम'च्या २०१८ च्या आवृत्तीतले ईशरचे डेमो, म्हणजे त्यांचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या घरी बसून अकूस्टिक गिटारींवर केलेली मुद्रणे, मी पुष्कळदा ऐकतो. पण ती स्वतंत्रपणे ऐकतो, मूळ अल्बमला जोडून नाही.

आता रिमास्टर आणि रिमिक्स यांतला फरक, कारण दुकानदार दोन्हींना एकाच दमात "नवीन साउंड" म्हणतो. रिमास्टरमध्ये तयार मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचे एकत्र केलेले मिश्रण, तसेच राहते, फक्त त्याची पातळी आणि जाड-बारीक आवाजांचा तोल पुन्हा लावला जातो. रिमिक्समध्ये त्याही मागे जाऊन गायन, ड्रम, गिटार यांचे मूळ ट्रॅक हाती घेतात आणि मिश्रण नव्याने करतात. 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या यंत्रांवर मुद्रित झाला. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे वादन घ्यायचे, अशी पद्धत होती, आणि प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर थोडी वाढत असे. जाइल्स मार्टिनने, म्हणजे मूळ निर्माता जॉर्ज मार्टिनच्या मुलाने, २०१७ मध्ये उतरवणीपूर्वीच्या टेप्स वापरल्या. शिवाय त्या काळी बीटल्सनी लक्ष घातले होते ते मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, मिक्समध्ये. स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचे, मिक्स मागाहून, त्यांच्या गैरहजेरीत उरकले गेले होते. तेव्हा हे रिमिक्स करण्याला सबळ कारण होते असे मी मानतो. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये तर अनेक वाद्ये एकाच ट्रॅकवर अशी मिसळलेली होती की ती सुटी करणेच शक्य नव्हते. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सवरच्या माहितीपटासाठी तयार केलेल्या तंत्राने ती वेगळी काढता आली, आणि म्हणूनच त्याचे रिमिक्स २०२२ मध्ये येऊ शकले.

कारण नसताना केलेले काम ओळखायला कान फार तयार असावे लागत नाहीत. नव्वदीच्या उत्तरार्धापासून अनेक रिमास्टर केवळ अधिक मोठ्याने वाजावेत म्हणून केले गेले. सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा असते. ती ओलांडता येत नाही म्हणून हळू भागच वर उचलतात, आणि मग कुजबुज व आरोळी जवळजवळ एकाच उंचीवर येतात. अशी सीडी पहिल्या गाण्याला जोरकस वाटते आणि चौथ्या गाण्यापर्यंत कान शिणतात. आमच्या मंडळात यावर दुमत नाही. क्वचितच तसे होते म्हणून नोंदवतो.

खरा संताप येतो तो जुने काढून नवे बसवण्याचा. ऑझी ऑझबर्नचे १९८० आणि १९८१ चे पहिले दोन अल्बम २००२ मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा बॉब डेझलीचे बेस आणि ली कर्सलेकचे ड्रम्स पुसून दुसऱ्या वादकांकडून ते नव्याने वाजवून घेतलेले होते. त्या दोघांचा मानधन आणि श्रेय यांवरून कोर्टकज्जा चालू होता. ते भांडण त्यांचे आणि मालकांचे. पण ज्याने २००२ साली दुकानातून ती सीडी उचलली त्याच्या हाती मूळ गिटारवादक रँडी ऱ्होड्सची गिटार आली आणि तिच्याखालची जमीन मात्र भलत्याचीच आली. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणले गेले. इगी अँड द स्टूजेसच्या १९७३ च्या 'रॉ पॉवर'चेही असेच झाले, फक्त तिथे बदल खुद्द इगी पॉपने केला: डेव्हिड बोवीचे मिक्स बाजूला ठेवून १९९७ मध्ये त्याने स्वतः मिक्स केले, आणि ते इतके कर्कश झाले की लोक अजून त्याची उदाहरणे देतात. बोवीचे मिक्स २०१० मध्ये परत आले. "कलाकार स्वतःचेच काम बदलतो आहे, तर आपण कोण बोलणार?" असा नेरुळहून येणाऱ्या त्या मित्राचा, आमच्या नेरुळकरांचा, मुद्दा असतो. बदलू दे की, माझे म्हणणे एवढेच की दोन्ही मिळू देत. डीप पर्पलच्या 'मशीन हेड'ची १९९७ ची आवृत्ती पाहा: रॉजर ग्लोव्हरने केलेले नवे मिक्स आहे, मूळही आहे, आणि १९७२ साली अल्बमबाहेर राहून सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला गेलेले 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'ही आहे. पर्पल ऐकायला लागणाऱ्याला मी आजही तीच शोधायला सांगतो.

आता बॉक्स सेटविषयी, म्हणजे अनेक तबकड्यांच्या मोठ्या पेट्यांविषयी, थोडक्यात. पिंक फ्लॉइडच्या २०११ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'च्या मोठ्या पेटीत तबकड्यांबरोबर स्कार्फ, कपाखाली ठेवायच्या चकत्या आणि चक्क गोट्या आहेत. आमच्या एका मित्राकडे ती आहे. ठाण्याच्या पावसाळी हवेत तिच्या पुठ्ठ्याला आतून पांढुरकी बुरशी धरते, म्हणून तो जूनपासूनच सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवतो आणि दर पंधरवड्याला पेटी उघडून कोरड्या फडक्याने पुसतो. तबकड्या इतक्या घट्ट खाचांत बसवल्या आहेत की बोटांचे ठसे उमटल्याशिवाय त्या निघत नाहीत. ऐकायची वेळ आली की तो साधी सीडी लावतो. वर्धापनदिनाच्या पेट्यांची ही जी रांग लागली आहे, तिला कौतुकाइतकाच कायदाही कारण आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नासावरून सत्तर वर्षांवर नेणारा निर्देश २०११ मध्ये आला, पण पन्नास वर्षांत जे प्रकाशितच झाले नाही त्याला ही वाढ मिळत नाही. म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्सची १९६३ ची एकोणसाठ मुद्रणे गाजावाजा न करता आयट्यून्सवर आली, आणि गायक बॉब डिलनच्या जुन्या मुद्रणांची तर २०१२ मध्ये जेमतेम शंभरेक प्रतींची आवृत्ती निघाली. ती चाहत्यांसाठी नव्हती हे सांगायला नको.

राहिले ग्रेटेस्ट हिट्स. आमच्यातले कर्मठ लोक कंपायलेशनचे, म्हणजे अशा निवडक गाण्यांच्या संग्रहाचे, नाव काढले की नाक मुरडतात, आणि हे सगळे लोक एके काळी स्टेशनजवळच्या दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घेत होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर त्रेचाळीस मिनिटांचा 'डार्क साइड' बसत असे आणि उरलेली पट्टी वाया जाऊ नये म्हणून दुकानदार मनाला येईल ते भरत असे. माझ्या कॅसेटवर अखेरच्या हृदयाच्या ठोक्यांना लागून डिस्कोचा तुकडा होता. कंपायलेशन नव्या माणसाने खुशाल घ्यावे, फक्त त्यात काय आहे ते वाचून घ्यावे. ईगल्सचे पहिले 'ग्रेटेस्ट हिट्स' २०१८ पर्यंत अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनम, म्हणजे विक्रीच्या मानाचे मानकरी, ठरले होते, पण ते फेब्रुवारी १९७६ चे आहे आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' त्या डिसेंबरात आले. ज्या एका गाण्यासाठी आपल्याकडे ईगल्स घेतात ते त्यात नाही. बीटल्सच्या १९७३ च्या लाल आणि निळ्या संग्रहांत अनुक्रमे २६ आणि २८ गाणी होती; २०२३ मध्ये ती ३८ आणि ३७ झाली, आणि लाल संग्रहात जॉर्ज हॅरिसनच्या स्वतःच्या रचनांना प्रथमच जागा मिळाली. रेकॉर्डच्या आवृत्तीत जुना क्रम पहिल्या दोन तबकड्यांवर जसाच्या तसा ठेवून भर तिसरीवर घातली आहे. कंपायलेशनच्याही बाबतीत एवढी बूज राखता येते.

एका अल्बमपाशी माझा नियम अडतो, हे नेरुळकर मला दर रविवारी ऐकवतात. द हू यांनी १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात केलेल्या कार्यक्रमातून त्या वर्षीच्या 'लाइव्ह ॲट लीड्स'मध्ये सहाच गाणी घेतली गेली. १९९५ मध्ये ती चौदा झाली, आणि नवी गाणी शेवटी न जोडता जुन्यांच्या मध्येमध्ये बसवली गेली. तरीही मला ती आवृत्ती अधिक आवडते, कारण इथे मूळ कृती ही ती संध्याकाळ आहे आणि सहा गाणी हा तिचा उतारा होता; १९९५ च्या सीडीवरची गाणी त्या संध्याकाळच्या क्रमाने येतात. २००१ च्या डिलक्स आवृत्तीत 'टॉमी' या त्यांच्या रॉक ऑपेराचे सादरीकरणही आले, पण कार्यक्रमात जे मधोमध होते ते उचलून दुसऱ्या सीडीवर एकत्र ठेवले. नेरुळकरांनी संगणकावर तो भाग मूळ जागी बसवून घेतला आहे आणि ते त्यालाच अस्सल आवृत्ती म्हणतात. तेवढा खटाटोप करायचा नसेल तर १९९५ ची सीडी जुन्या मालात मिळते का ते पाहावे.