उसाची पांढरी मुळी कुठं असते, कशी टिकते

उसाचं बेट उपटून बघितलं की बुडाला मुळांचा जारवा दिसतो आणि वाटतं, एवढं सगळं मूळ पाणी पितंय. तसं नसतं. त्यातलं तपकिरी, जुनं मूळ बहुतेक वाहतुकीचं आणि ऊस धरून ठेवायचं काम करतं. पाणी आणि अन्न आत घेण्याचं मुख्य काम मुळीच्या टोकाकडच्या काही सेंटिमीटरांत चालतं. आपण जिला पांढरी मुळी म्हणतो ती हीच.

एक मुळी मातीसकट अलगद सोडवा, पाण्यात हलकेच बुडवून धुवा आणि काळ्या कागदावर ठेवा. अगदी टोकाला बुळबुळीत टोपी असते. माती फोडत पुढं जाताना झिजते ती टोपी, आतला नाजूक भाग नाही. टोपीच्या मागे नव्या पेशी तयार होतात, त्यामागे गुळगुळीत चकचकीत भाग, तिथं पेशी लांबतात आणि टोक पुढं ढकललं जातं. त्याच्याही मागे बारीक लव दिसेल, धुऊनही माती न सोडणारी. हे मूलरोम. एकेक रोम म्हणजे सालीच्या एकाच पेशीचा लांबलेला हात. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणून तो मातीच्या कणांमधल्या फटींत शिरतो. त्याचं आयुष्य मात्र थोडं, काही दिवसांचं, फार तर दोन-तीन आठवड्यांचं. टोक पुढं सरकत राहिलं तरच मागे नवी लव येते. मुळी वाढायची थांबली की तिचं तोंडच मिटतं, मग वरून कितीही खत द्या.

आत घेतलेलं सगळं सरळ वर जात नाही. सालीच्या आत पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींच्या भिंतींवर पाणी न झिरपणारी पट्टी असते, कॅस्पेरियन पट्टी. तिथवर पाणी पेशींच्या मधून झिरपत येऊ शकतं. पुढं जायचं तर जिवंत पेशीतूनच जावं लागतं, आणि कोणतं अन्नद्रव्य किती आत घ्यायचं हे पेशी ठरवते. त्यासाठी ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी श्वसन आणि श्वसनाला ऑक्सिजन. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू सरकतो. सरीत पाणी तुंबलं की मुळी गुदमरते, पेशींमधल्या पाण्याच्या वाटाही मिटतात आणि पाण्यात उभा असलेला ऊस मलूल, पिवळा दिसू लागतो. पानाकडे बघून अशा वेळी आणखी एक पाणी दिलं जातं. काळ्या, भारी जमिनीत उसाचं मोठं नुकसान होतं ते इथंच.

म्हणून पाणी पानाकडे बघून नाही, वाफशाकडे बघून द्या. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही खेळतेय अशी स्थिती. सहा ते नऊ इंच खोलीवरची मूठभर माती दाबा. गोळा झाला, तळहात ओला झाला नाही आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर गोळा फुटला, तर वाफसा आहे. हाताला चिखल लागला तर थांबा. गोळाच वळत नसेल तर पाण्याची वेळ झाली. पांढऱ्या मुळीसाठी ह्युमिकची आळवणी (ह्युमिक ॲसिड पाण्यात मिसळून बुडाशी ओतणं) जरूर करा, पण वाफसा नसताना केलेली आळवणी वाया जाते असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळसारख्या भागातल्या क्षारपड जमिनीत तर निचरा आधी, बाकी सगळं नंतर: मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की ओल असूनही मुळीला ते ओढता येत नाही.

उसाला मुळांच्या दोन पिढ्या असतात. कांडीच्या गाठीवर डोळ्याच्या रांगेत ठिपक्यांचं वलय दिसतं. प्रत्येक ठिपका म्हणजे निजलेली मुळी. ओल मिळताच त्यातून बारीक, फाटे फुटलेली मुळं निघतात आणि साधारण दीड-दोन महिने कोंबाला पोसतात. तोवर कोंबाच्या बुडातून त्याची स्वतःची जाड, पांढरी, मांसल मुळं सुटलेली असतात. नत्राची विभागणी याला धरूनच आहे: लागणीवेळी 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला (बुडाला मातीची भर देताना) 40. लागणीलाच युरियाचा भरपूर डोस टाकला तर तो घ्यायला पुरेशी मुळंच नसतात. नत्र पाण्याबरोबर मुळीपर्यंत तरी येतं. स्फुरद (फॉस्फरस) जागचं फारसं हलत नाही, मुळीलाच त्याच्याकडे जावं लागतं. म्हणून ते वर फेकायचं नाही, मातीआड, मुळीच्या वाटेवर द्यायचं. बेणं, म्हणजे लागणीची कांडी, फार खोल गेलं तर कोंबाची ताकद वर येण्यातच संपते. भारी जमिनीत कोरडी लागण (आधी कांडी लावून मग पाणी) सांगतात ती म्हणूनच, चिखलात पायाने दाबलेली कांडी नको तेवढी खाली जाते.

वाढ थांबल्यासारखी वाटली तर आधी खोदून बघा. बेटापासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खड्डा घ्या. मुळी दोन बोटांत धरून ओढा. निरोगी मुळी टणक असते, मोडली की आत पांढरी. सडलेल्या मुळीची साल म्यानासारखी निसटते, हातात नुसता दोरा उरतो आणि मातीला कुजका वास येतो. बेट हलक्या हाताने उपटून आलं आणि मुळंच कुरतडलेली असली, तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, शोधा. मुळावर जागोजागी गाठी फुगल्या असतील तर सूत्रकृमीचा (मातीतल्या सूक्ष्म कृमींचा) संशय घ्या.

खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून येणाऱ्या उसात, जुनी मुळं हळूहळू मरतात आणि नवे फुटवे आपली मुळं स्वतः काढतात. बुडखे उंच राहिले तर फुटवे वरच्या डोळ्यांतून येतात, त्यांची मुळंही उथळ राहतात आणि ऊस पुढं लोळतो. म्हणून तोडणी होताच बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा, पाचट (उसाची वाळकी पानं) सरीत ठेवा आणि खत पहारीने द्या: बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर, तेवढंच खोल, दोन छिद्रांत 30 सेंटिमीटर सोडून. पहिली मात्रा 15 दिवसांच्या आत, दुसरी 135 दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला.