न्यायासनापुढे आपणही

आज उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी पुन्हा तोच विषय: ख्रिस्त परत येताना मंडळी (म्हणजे सगळे विश्वासणारे) आकाशात उचलली जाणार, पण कधी? एका काकांनी मोबाईलवर तारखेचा व्हिडिओ लावलाच. या तारखांचा मला कंटाळा आलाय. अमेरिकेत विल्यम मिलरच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ला ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहिली, तिथल्याच रेडिओवरच्या प्रचारक हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दूधवाला आलाच असेल! आणि जगाच्या शेवटच्या संकटकाळाआधी मंडळी गुपचूप उचलली जाईल, ही मांडणी 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या बायबल-शिक्षकापासून पसरली. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर देवाच्या तुतारीचा नाद आहे, गुपचूप कसलं? (हे बोलल्यावर काकांनी बिस्किटांची बशी स्वतःकडे ओढली.)

पाळकसाहेबांनी उपदेशात घेतलेला भाग मात्र डोक्यातून जात नाहीये. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 3. पाया ख्रिस्तच, पण त्यावर कोणी सोन्याने बांधतो, कोणी गवत-पेंढ्याने, आणि प्रत्येकाचं काम अग्नी पारखतो. काम जळालं तरी माणूस तरतो, पण जणू आगीतून. म्हणजे तारण (उद्धार) कृपेने, आणि हिशेब तरीही आहेच. आम्ही विश्वासणारे न्यायाची गोष्ट काढतो ती कायम दुसऱ्यांकडे बोट दाखवून. कमिटीतली भांडणं, दानाच्या थैलीत नोट टाकताना आजूबाजूला बघणं, हे कुठल्या ढिगात जाणार?

घरी हे सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मग धाकट्या जावेशी बोलून घे की आधी."

फोन लावलाय. अजून उचललेला नाही.