आत्याच्या कालनिर्णयावरचे तेरा गोल

परवा इंदूरच्या लोकमान्यनगरला आत्याकडे गेलो होतो, २०२६ चं नवीन कालनिर्णय टांगायला. स्टुलावर तिला आता आम्ही कोणी चढू देत नाही. खिळ्यावर आधीची दोन वर्षं तशीच एकाखाली एक लटकलेली होती, ती काढली आणि खाली बसून २०२४ चं चाळायला लागलो. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, कोणाकोणाचे वाढदिवस, आणि दर पानावर एक पेन्सिलीचा गोल. ५ जानेवारी, २ फेब्रुवारी, १ मार्च, परत २९ मार्च, मग २६ एप्रिल. सगळे शुक्रवार. मार्चमध्ये दोन. मोजले तर वर्षाचे तेरा निघाले.

विचारलं तर म्हणाली, अरे तो मोबाईलचा रिचार्ज, अठ्ठावीस दिवसांचा असतो ना, मी जानेवारीतच मोजून सगळे गोल करून ठेवते म्हणजे विसरायला होत नाही. पैसे भरले की गोलाशेजारी आकडा लिहायचा, जन्मभर शाळेत हजेरीपट लिहिलेली बाई आहे ती. जूनपर्यंत एकच आकडा आहे, १९ जुलैच्या गोलाशेजारी तो वीस रुपयांनी वाढून १९९ झालाय. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं, मला ते आत्याच्या पेन्सिलीत दिसलं.

आता ह्या १९९ मध्ये काय मिळायचं, तर कॉल, एसएमएस आणि दोन जीबी डेटा. आत्याकडे बटणांचा फोन आहे ज्यात टॉर्च आहे, रेडिओ आहे आणि इंटरनेट नाही. म्हणजे दर अठ्ठावीस दिवसांनी ती एक अशी वस्तू विकत घेत होती जी तिच्या फोनमध्ये उतरूच शकत नाही, वर्षातून तेरा वेळा. आणि दुसरा पर्याय? नव्हता. दहा रुपयांचं टॉपअप मारलं की ७.४७ बॅलन्स येतो पण व्हॅलिडिटी येत नाही, आणि व्हॅलिडिटी नसेल तर तो बॅलन्स ठेवून करायचं काय.

तिचं हे सिम २००६ सालचं आहे. तेव्हा ९९९ रुपये एकदा भरा आणि इनकमिंग लाइफटाइम चालू, अशा स्कीम होत्या, काकांनी घेऊन दिलं होतं. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमच्या नियामक संस्थेनं, तेव्हाच कंपन्यांना सांगितलं होतं की लाइफटाइम म्हणजे तुमचं लायसन्स असेपर्यंत, आणि ते कधी संपतं ते गिऱ्हाइकाला सांगा, पण दुकानात उभं राहून हे कोण वाचतं, लाइफटाइम म्हणजे माणसाला स्वतःचंच आयुष्य वाटतं. मग २०१८ च्या नोव्हेंबरात कंपन्यांनी अठ्ठावीस दिवसांना कमीत कमी ३५ रुपयांची अट आणली, नाही भरलं तर आउटगोइंग जाणार आणि नंतर इनकमिंग पण. तिथून सहा वर्षांत हा आकडा दोनशेच्या दारात आला.

८ नोव्हेंबरचा गोल कोरा आहे. शेजारी आकडा नाही. त्या आठवड्यात, दिवाळी झाल्या झाल्या, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. गोल भिंतीवर होता आणि डोळ्यावर पट्टी होती, आणि आम्ही सगळे ड्रॉप्सच्या वेळा सांभाळत बसलो, रिचार्ज कोणाच्या डोक्यातच आला नाही. आधी तिचे कॉल लागेनात, आणि चार-पाच दिवसांनी इनकमिंग पण गेलं. दवाखान्यातून तपासणीची तारीख बदलल्याचा फोन लागला नाही म्हणून एक फेरा फुकट गेला, ते एक वेळ ठीक. पण नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेत घेऊन गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, माताजी ओटीपी बताइए. माताजी पर्समधून फोन काढून बघतायत, परत बघतायत, आणि ओटीपी येत नाहीये. ती तिथे समोर उभी आहे, जिवंत, हातात पासबुक आणि पेन्शनचे कागद, आणि तिच्या हयातीचं काम अडलंय दोनशे रुपयांच्या रिचार्जवर! तिचा चेहरा मी विसरणार नाही, चुकी तिची होती असं तिला वाटत होतं. १८ तारखेला, सोमवारी, रिचार्ज मारला तेव्हा सगळं सुरळीत झालं. तेव्हापासून गोल सोमवारचे झाले.

म्हणून मला हे रिचार्जचं प्रकरण फक्त महागाईचं वाटत नाही. मोबाईल नंबर आता बोलायची सोय उरलेला नाही, तो माणसाची ओळख झालाय. आधारला तोच, बँकेला तोच, गॅसला तोच, इथे मध्य प्रदेशात समग्रचं, म्हणजे राज्याच्या कुटुंब-ओळख क्रमांकाचं, ई-केवायसी करायचं तरी तोच. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ॲपना निर्देश दिले की ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये चालू असलं तरच ॲप चालवा. कारण सायबर फसवणुकीचं आहे आणि ते खरंही आहे, पण अर्थ तोच, सगळ्याची किल्ली सिमकडे. आणि एकदा नंबर कायमचा बंद झाला की नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो, २०२३ मध्ये ट्रायनं सुप्रीम कोर्टात हेच सांगितलं होतं. वीस वर्षांचा नंबर, सगळ्या नातेवाइकांच्या डायरीत लिहिलेला, आणि उचलणार भलताच कोणी.

तर ट्रायनं २३ डिसेंबर २०२४ ला एक नियम काढला, मला तो फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर जितकं बोलायला हवं होतं तितकं कोणी बोललं नाही. प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि एसएमएसचं निदान एक व्हाउचर, म्हणजे बिना डेटाचा रिचार्ज, ठेवायलाच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची व्हॅलिडिटी आधी नव्वद दिवसांच्या वर जात नव्हती ती ३६५ दिवसांपर्यंत करता येईल. ट्रायच्याच कागदात होतं की देशात साधारण १५ कोटी लोक अजून साधा फोन वापरतात. कंपन्यांचा विरोध होता. डेटा सगळ्यांना मिळाला तरच लोक डिजिटल होतील, मागे कशाला न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मी हे म्हणणं नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला, टॉवर सगळ्यांसाठी सारखाच उभा करावा लागतो आणि ५जीचा खर्च कुठून तरी निघायला हवा, हे मान्य. पण आत्याला दोन जीबी विकून ती डिजिटल होत नाही हो, ती फक्त दोन जीबीचे पैसे भरते.

जानेवारी २०२५ मध्ये प्लॅन आले. एअरटेलनं ८४ दिवसांना ४९९ आणि वर्षाला १९५९ असे ठेवले, त्याआधी ८४ दिवसांना सहा जीबीसकट ५०९ चा प्लॅन होता, म्हणजे डेटा काढला आणि उतरले दहा रुपये. ट्राय म्हणाली आम्ही हे प्लॅन तपासतो, आणि थोड्याच दिवसांत ४६९ आणि १८४९ झाले. जिओचे ४४८ आणि ३३६ दिवसांचे १७४८. इथे एक समजून घ्यायला हवं, ट्राय मोबाईलचे दर ठरवत नाही, कंपन्या ठरवतात आणि नंतर सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवतात. ट्रायच्या हातात नियम आहे, किंमत नाही. त्यामुळे कॉलचं व्हाउचर ठेवा एवढं सांगता आलं, ते किती स्वस्त ते नाही, आणि कमीत कमी किती दिवसांचं हे नियमात आलंच नाही.

आणि नेमकं तिथेच अडतं. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं की बिना नेटचा अठ्ठावीस दिवसांचा आहे का, तर तो म्हणाला, "भिया, बिना नेट का छोटा नहीं आता, चौरासी दिन से चालू है." १९९ चे तेरा म्हणजे २५८७ आणि वर्षाचा १८४९, सरळ ७३८ रुपये वाचत होते, म्हणून मी आत्याला म्हटलं एकदाच वर्षाचा मारून टाकू. ती म्हणाली, "वर्षाचं आत्ताच कशाला भरू रे? अठ्ठ्याहत्तर झाली मला. तू भरशील, आणि मध्येच मी गेले तर ते पैसे कोण परत देणार?" मला पुढे बोलता आलं नाही. आत्याकडे निदान पेन्शन आहे. आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंकडे पण साधा फोन आहे, त्यांना ४६९ एकदम काढणं जड जातं, त्या अजून अठ्ठावीस दिवसांचाच मारतात, न वापरलेल्या डेटासकट. म्हणजे एकरकमी द्यायची ऐपत आहे त्याला रोजचे पाच रुपये पडतात आणि नाही त्याला सात. हे बरोबर नाही.

"मुलं करून देतात की ऑनलाइन" असं मला दोघातिघांनी ऐकवलं. सगळ्यांना मुलं नसतात, आत्याला नाहीत. आणि असली तरी आपला फोन चालू ठेवायला कोणाच्या तरी आठवणीवर अवलंबून राहावं लागावं का?

मला विचाराल तर दोन गोष्टी नियमात यायला हव्यात. फक्त कॉल-एसएमएसचा तीस दिवसांचा छोटा रिचार्ज सक्तीचा करा. कमीत कमी एक तीस दिवसांचा प्लॅन ठेवा हे ट्रायनं २०२२ मध्ये सगळ्या कंपन्यांना सांगितलंच होतं, त्यामुळे हे अशक्य वगैरे अजिबात नाही. आणि रिचार्ज संपला तरी बँकेचे आणि सरकारी ओटीपी पुढचे नव्वद दिवस येत राहावेत. आउटगोइंग बंद करा, चालेल.

२०१५ साली नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी म्हणून, दहा लाखांच्या वर लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले होते, मीही पाठवला होता आणि त्याचा परिणाम झाला, २०१६ च्या फेब्रुवारीत नियम आला. पण ते आपलं स्वतःचं इंटरनेट होतं. ह्या पंधरा कोटींकडे ईमेलच नाही, ट्रायचा सूचना मागवणारा कन्सल्टेशन पेपर निघालाय हे त्यांना कळणार कुठून. त्यामुळे पुढच्या वेळी ट्रायनं सूचना मागवल्या की मी आत्याच्या नावानं पाठवणार आहे आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असा फोन आहे त्यांनीही पाठवा, मराठीत लिहा, हिंदीत लिहा, पण पाठवा. तोपर्यंत दुकानात "बिना नेटवाला" असं नाव घेऊन मागायचं, आपणहून कोणी दाखवत नाही.

आत्यानं शेवटी ८४ दिवसांचाच घेतला, १० फेब्रुवारी २०२५ पासून. त्या वर्षीचा शेवटचा गोल २० ऑक्टोबरला आला, नेमकी नरकचतुर्दशी, पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर फराळाच्या आधी तिनं मला फोन केला, दुकान आज उघडं असेल का रे. नवीन कालनिर्णय टांगून झाल्यावर तिनं पेन्सिल मागितली आणि माझ्यासमोर मोजून पाच गोल केले. पहिला १२ जानेवारीचा आहे.