खारवलेली काकडी: अखेर कचकन मोडली!

काल रांजणातल्या बरणीतून मिठाच्या पाण्यात आंबवलेली काकडी काढली, मधोमध मोडली आणि कचकन आवाज आला! आधीच्या बरण्यांचं रडगाणं तुम्हाला ठाऊकच आहे. वास झकास, आंबटपणा झकास, पण बोटानं दाबली की गर बसायचा.

गोची सगळी उन्हाची. पोलंडातली ‘ओगुर्की किशोने’ १८ ते २२ अंशांत निवांत आंबते. लातुरात एप्रिलमध्ये घरातच पारा ३५ला टेकतो, मग आंबट व्हायच्या आतच काकडी सैल पडते. काकडीला घट्ट ठेवणारं पेक्टिन तोडणारी विकरं (एन्झाइम्स) फुलाकडच्या टोकाला जास्त असतात, म्हणून ते टोक आपण सगळेच छाटतो, तेवढ्यानं भागेना. मीठ लिटरला ३५ ग्रॅमवरून ५०वर नेलं, तर काकडी घट्ट राहिली पण खारट झाली. काकडी कडक ठेवणाऱ्या टॅनिनसाठी जालन्याजवळच्या कडवंची गावाहून न फवारलेली द्राक्षाची पानं मागवली. थोडा फरक पडला, इतकंच.

कामी आला तो रांजण. तळाला ओली वाळू, त्यात बरणी गळ्यापर्यंत रोवलेली, वरून भिजवलेलं गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि बरणी गार राहते. आत २६ अंश भरले! पावसाळी दमट हवेत ही युक्ती चालायची नाही, तेव्हा जूनच्या आत जमेल तेवढं उरकायचं.

काकडीबाबत माझं मत पक्कं आहे: पॉलिहाउसची लांबडी, गुळगुळीत काकडी नकोच. कर्नाटकात गर्किनची, म्हणजे लोणच्याच्या छोट्या काकडीची, करार शेती होते, पण तो माल मुख्यतः निर्यातीला जातो. आपली गावरान, काटेरी, बोटभर काकडी घ्यावी आणि तोडल्या दिवशीच बरणीत घालावी. बरणीत घालायचा बाळंतशेपा लातूरच्या गंजगोलाई बाजारातून सुटा घ्या. पाकिटातल्याला त्याचा वास नाही.

खाण्याचं म्हणाल तर, पोलिश लोक थोडेच दिवस मुरलेली ‘मवोसोल्ने’ नुसती खातात आणि पुरती आंबलेली किसून सूपमध्ये घालतात. रशियन ‘रसोल्निक’ सूपमध्ये काकडीसोबत तिचं खारं पाणीही पडतं. लंडनकर व्हिनेगरमधली काकडी, ‘वॉली’, तळलेल्या माशाबरोबर घेतात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, पिठलं आणि बाजूला जाड चकत्या. खारं पाणी मी चिंचेऐवजी वरणात घातलं; आईनं वाटी पुन्हा पुढे केली. मीठ मात्र वेगळं घालू नका.

पुढची बरणीही रांजणातच ठेवणार होते, पण हे लिहितानाच हंगेरीची ‘कोवासोश उबोर्का’ आठवली. ती तर मुद्दाम उन्हातच ठेवतात! काकडीला उभ्या चिरा, वर पावाची फोड, आणि तीन-चार दिवसांत तयार. इतक्या थोड्या वेळात गर सैल पडायला सवड कुठली? म्हणजे उन्हाशी भांडायचंच कशाला? उद्या एक बरणी थेट गच्चीवर. आधी लादीपाव घालून बघते, जमलं तर शिळी भाकरी. तुमच्यापैकी कुणी भाकरी घालून पाहिली असेल तर पाणी किती गढूळ झालं तेवढं सांगा.