शाल कुणाला?

आमच्या गिर्यारोहक गटाच्या वार्षिक मेळाव्यानंतर हा प्रश्न हमखास येतो. ‘समोर सुळके चढणारी पोरं बसलेली असताना तुम्ही शाल-श्रीफळ अर्ज लिहिणाऱ्याला का देता?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

त्र्यंबकच्या बाजूला एक जुनी वाट आहे. गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका आणि आम्ही, सगळे तिच्यावरूनच वर जायचो. एका दिवाळीनंतर गेलो तर वाटेवर तारेचं कुंपण. आम्ही करवंदीच्या जाळीतून वळसा घातला आणि पुढच्या रविवारी दुसरा डोंगर धरला. डोक्यावर मोळी घेतलेल्या बायकांना मात्र तो वळसा रोजचा झाला.

गटातल्या एका काकांचे गुडघे केव्हाच गेलेत. त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढली. नकाशात वाट होती: एकेरी तुटक रेषा, म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. चार महिने आम्ही असेच दवडले होते! उरलेल्या दिवसांत अर्ज गेला. नावं वाडीतल्या दोन बायकांची, अक्षर काकांचं. तारखा पडल्या, स्थळपाहणी झाली, कुंपण निघालं.

अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलची गोष्टही अशीच वाटते मला. बेंटन मॅकाय यांनी ती कल्पना १९२१ मध्ये मांडली, आज सुमारे ३,५०० किलोमीटर असलेली ही पायवाट १९३७ मध्ये सलग झाली. पण तिचा बराच भाग खासगी जमिनीतून जायचा, मालकाच्या मर्जीवर. तिला संरक्षण देणारा राष्ट्रीय वाटांचा कायदा आला १९६८ मध्ये. मॅकाय तेव्हा ८९ वर्षांचे होते. मधली तीस वर्षं नुसत्या चालणाऱ्यांनी वाट टिकली नसती.

आपल्याकडे त्र्यंबकजवळचा अंजनेरीचा डोंगर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तिथं फुलणाऱ्या कंदीलपुष्पाचे फोटो आपण सगळेच काढतो. पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा केंद्र सरकारचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय आणि दर वेळी हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत मसुदा वाचायला बसणारा माणूस आमच्या गटात अजून एका हाताच्या बोटांवर मोजता येतो, याचं मला फार वाईट वाटतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी माणसं लोटतात. त्या वाटेचा नकाशा किती जणांनी पाहिलाय?

यंदा काकांबरोबर वाडीतल्या त्या दोघींचाही सत्कार आहे. त्यांना नाशिकला यायला दिवस मोडावा लागतो, म्हणून मेळावाच त्या वाटेच्या पायथ्याशी ठेवलाय.