बादली, मोबाइलचं घड्याळ आणि वरची वस्ती

गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका हव्यात असा जलजीवन मिशनचा नियम आहे, म्हणून माझं नाव घातलं गेलं. सही करायची, चहा घ्यायचा, घरी यायचं. दोन बैठका तशाच गेल्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं, त्यामुळे पाणी हा इथे बारमाही विषय. २०२३ च्या ऑक्टोबरात पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करायला बसलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हिशेब मांडला. माणसं १,७८०, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ९७,९०० लिटर. टाकी एक लाख लिटरची आणि रोज रात्री भरते. कागदावर सगळं जुळलं. तरी वरच्या वस्तीची ओरड थांबत नव्हती, म्हणून नवी टाकी बांधायचा प्रस्ताव आला. टाकी सगळ्यांनाच आवडते. लांबून दिसते, आणि तिच्यावर नावं लिहिता येतात.

मी सहज विचारलं, "भाऊसाहेब, आहे तीच टाकी पुरते म्हणता, मग दुसरी कशाला?" ते हसले. "वहिनी, तुम्हीच शोधा की."

दुसऱ्या दिवशी १५ लिटरची बादली आणि मोबाइल घेऊन निघाले. सोबत बारावीतल्या दोन पोरी. टाकीजवळच्या पहिल्या नळाला बादली ४० सेकंदांत भरली. वरच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला चार मिनिटं दहा सेकंद लागले. पाणी सुटतं ४५ मिनिटं. म्हणजे खाली हजार लिटर आणि वर जेमतेम एकशे साठ. वरच्या त्या घरात माणसं सहा. माणशी २७ लिटर झाले, कागदावरच्या ५५ च्या निम्मेसुद्धा नाहीत.

आठवडाभर रोज मोजलं. सोमवारी मात्र गंमत झाली. शेवटच्या नळाची बादली दोन मिनिटांच्या आत भरली. पोरी म्हणाल्या, काकू, घड्याळ चुकलं. पुन्हा मोजलं, तेच. मग लक्षात आलं, सकाळपासून गावात लाईट नव्हती. लाईट नाही म्हणजे नळाला लावून पाणी ओढणाऱ्या टिल्लू मोटारी बंद.

घरोघर फिरताना "मोटार आहे का?" या प्रश्नाला बहुतेकांनी नाही म्हटलं होतं. खरं सांगायचं तर वहीत आमच्या घरापुढेही मी "नाही" लिहिलं होतं. ते खोडलं. मोटार त्याच संध्याकाळी काढली, सासूबाईंचं बोलणं ऐकत.

पाण्यात क्लोरीन आहे का बघायला ओटी टेस्ट केली, म्हणजे औषधाचे थेंब टाकून रंग बघितला. पहिल्या नळाचं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे; शेवटच्याचं होतं तसंच राहिलं. शेवटच्या नळालासुद्धा लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. वरच्यांना पाणी कमी, आणि आहे तेही बिनऔषधाचं.

शौचालयांची माहिती काढणं सगळ्यात अवघड गेलं. सरकारी रकाना एवढाच, आहे की नाही. आमच्याकडे सगळीकडे आहे. आम्ही विचारत होतो, शौचालयाच्या टाकीचा पाइप पुढे जातो कुठे? माणसं विषय बदलत. मग विचारणं सोडलं आणि गटारीच्या कडेनं चालत गेलो. ४१ घरांच्या सेप्टिक टाकीचं पाणी शोषखड्ड्यात न जाता उघड्या गटारीत. पोरींनी पाण्याच्या लाइनचा नकाशा त्यावर ठेवला, तर तीन ठिकाणी नळाची लाइन त्याच गटारीतून गेलेली. मोटार ओढायला लागली की लाइनीला जिथं चीर असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. त्यानंतर दोन दिवस मला घरचं पाणी पिववेना.

ग्रामसभेत आकड्यांचा तक्ता लावला नाही. एक भरलेली बादली ठेवली आणि पहिल्या-शेवटच्या नळाच्या वेळा सांगितल्या, बस्. वरच्या वस्तीतल्या आजी उठून म्हणाल्या, "हे मी दहा वर्षं सांगते, तवा कुणी घड्याळ न्हाई काढलं."

नवी टाकी बारगळली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. पाण्याच्या भागातून वरच्या वस्तीला वेगळा व्हॉल्व्ह घेतला आणि गटारीतली लाइन वर उचलली. स्वच्छतेच्या भागातून शोषखड्डे धरले, त्यातले १९ झाले. आता पाणी आधी वर सुटतं, मग खाली.

मागच्या महिन्यात पुन्हा मोजलं. शेवटचा नळ दोन मिनिटं पाच सेकंद. चार-पाच मोटारी अजून चालतात, कुणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे. आणि खालच्या आळीतल्या माझ्या जाऊबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.